साखरेतली किलोकॅलरी आणि पाण्यातली किलोकॅलरी

‘माध्यमिक स्तरावरील विद्यार्थ्यांसाठी एकात्मिक विज्ञान अध्यापनाच्या परिणामकारकतेचा अभ्यास.’ पेट परीक्षेची किंवा संशोधन आराखड्याची तयारी करणाऱ्या तुमच्यापैकी काहींच्या वहीत या धाटणीचं शीर्षक नक्की लिहिलेलं असणार. तालुका बदलतो, इयत्ता बदलते, साचा तोच राहतो. एक तुकडी नेहमीच्या पद्धतीने शिकवायची, दुसरी ‘एकात्मिक’ पद्धतीने. मग पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, टी-मूल्य, आणि शेवटी निष्कर्ष की एकात्मिक पद्धत परिणामकारक आहे. (ती परिणामकारक नाही असा निष्कर्ष निघालेला प्रबंध तुम्हाला सापडला तर मला जरूर कळवा.) मला भांडायचंय ते या शीर्षकातल्या ‘एकात्मिक’ या शब्दाशी. ‘परिणामकारकता’ नंतर बघू.

भांडण असं आहे. नववी-दहावीला आपण जे विज्ञान शिकवतो त्याला एकात्मिक म्हणायची आपल्याला सवय झाली आहे, कारण ते तीन वेगळ्या विषयांच्या नावाने येत नाही. पण नाव एक असणं आणि आतला विचार एक असणं यांत फरक आहे. तो फरक मोजता येतो, आणि तो मोजण्याची जागा धड्यांच्या यादीत नाही. एकच कल्पना दोन धड्यांत येते तेव्हा मुलाला ती एकच वाटते का, हे पाहावं लागतं. अशा जागांना मी या लेखापुरतं ‘सांधे’ म्हणते. तुमच्या आराखड्यात सांधा कुठला ते लिहिलेलं नसेल, तर तुम्ही नेमकं काय शिकवणार आणि काय मोजणार आहात हे कुणालाच कळणार नाही, तुमच्या गाईडलाही नाही.

थोडा इतिहास, भराभर. 1968 मध्ये बल्गेरियातल्या वार्नाजवळ विज्ञानशिक्षणाच्या एकात्मीकरणावर आंतरराष्ट्रीय परिषद झाली. 1971 पासून युनेस्कोने या विषयावर ग्रंथमालाच काढली, आणि हा शब्द जगभर फिरू लागला. आपल्याकडे मात्र त्याच्या आधीच उलटा सूर लागला होता. भौतिकशास्त्रज्ञ दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालच्या शिक्षण आयोगाने (1964-66) ‘सामान्य विज्ञान’ म्हणून सगळं एकत्र शिकवण्याचा प्रयोग फारसा यशस्वी झाला नाही असं म्हटलं, आणि विषयवार शिकवण्याकडे कल दाखवला. पुढे लंबक परत फिरला. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात माध्यमिक स्तरावर विज्ञान हा एक संयुक्त विषय म्हणून शिकावा असं म्हटलं आहे. म्हणजे या प्रश्नावर आपल्या धोरणाने पन्नासेक वर्षांत कूस बदललेली आहे. तुमच्या प्रकरण दोनमध्ये ‘सर्व आयोगांनी एकात्मिक विज्ञानाचा पुरस्कार केला आहे’ असं वाक्य टाकण्याआधी कोठारी आयोगाचं विज्ञानशिक्षणावरचं प्रकरण मुळातून वाचा.

आता पुस्तकाकडे. बालभारतीचं दहावीचं ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ 2018 मध्ये आलं, दोन भागांत. पहिल्या भागात गुरुत्वाकर्षण, आवर्ती वर्गीकरण, रासायनिक अभिक्रिया, विद्युतधारेचे परिणाम, उष्णता, अपवर्तन, भिंगे, धातुविज्ञान, कार्बनी संयुगे आणि अवकाश मोहिमा. दुसऱ्यात आनुवंशिकता, जीवनप्रक्रियांचे दोन धडे, पर्यावरण, हरित ऊर्जा, प्राण्यांचं वर्गीकरण, सूक्ष्मजीव, जैवतंत्रज्ञान, सामाजिक आरोग्य, आपत्ती व्यवस्थापन. पुस्तक वाईट नाही, हे आधी सांगते. चित्रं बरी आहेत, भाषा आधीच्या पुस्तकांपेक्षा मोकळी आहे, विषय आजचे आहेत. माझी तक्रार आहे ती त्यातल्या एका सांध्याची.

पहिल्या भागातला पाचवा धडा ‘उष्णता’. तिथे किलोकॅलरीची व्याख्या आहे: एक किलोग्रॅम पाण्याचं तापमान 14.5 अंश सेल्सिअसपासून 15.5 पर्यंत, म्हणजे एका अंशाने वाढवायला लागणारी उष्णता. मूल ती पाठ करतं, विशिष्ट उष्माधारकतेची गणितं सोडवतं, पाच गुण मिळवतं. दुसऱ्या भागातला दुसरा धडा ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया’. तिथे येतं की कर्बोदकांपासून दर ग्रॅममागे 4 किलोकॅलरी ऊर्जा मिळते, आणि मेदापासून 9. मूल तेही पाठ करतं.

ही तीच किलोकॅलरी आहे. एककाचं नाव योगायोगाने सारखं पडलेलं नाही.

हिशोब करून बघा. 20 ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे चार-पाच छोटे चमचे. गुणिले 4, झाले 80 किलोकॅलरी. आता ‘उष्णता’च्या धड्याप्रमाणे 80 किलोकॅलरीने एक लिटर पाणी 80 अंशांनी तापेल, म्हणजे 20 अंशांचं पाणी 100 वर जाईल. चार-पाच चमचे साखर पूर्णपणे जाळली आणि उष्णतेचा कणही वाया जाऊ दिला नाही, तर एक लिटर पाणी उकळीला येतं! दहावीच्या मुलाला ही गोष्ट दोन्ही धडे शिकूनही कुणी सांगत नाही. आणि ती सांगितली की जो प्रश्न उठतो तोच खरा विज्ञानाचा तास आहे: मग दिवसभरात चार कप गोड चहा पिणारे आजोबा उकळत का नाहीत?

या एका प्रश्नात किती धडे येऊन मिळतात ते बघा. पेशीत साखरेचं ऑक्सिडीकरण एकदम न होता टप्प्याटप्प्याने होतं, ते श्वसन. शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणीच तयार होतं, जळल्यावर तयार होतं तेच. सुरुवात आणि शेवट सारखा असल्यामुळे एकूण ऊर्जेचा हिशोबही सारखाच येतो, हे रसायन. शरीर सतत उष्णता बाहेर टाकतं आणि घामाच्या बाष्पीभवनाला अप्रकट उष्मा लागतो. हा पुन्हा ‘उष्णता’चा धडा. आणि वेग? दिवसाला 2000 किलोकॅलरी खाणारा माणूस धरा. एक किलोकॅलरी म्हणजे साधारण 4184 ज्यूल, दिवसाचे सेकंद 86,400. भागाकार येतो 97 वॅटच्या आसपास. म्हणजे माणूस हा जुन्या शंभर वॅटच्या पिवळ्या बल्बइतक्या शक्तीने चोवीस तास चालतो. वॅट हे एकक मुलांना विजेच्या बिलामुळे माहीत असतं, पण ते स्वतःच्या अंगाला लावून बघायला पुस्तक त्यांना कधी सांगत नाही.

आता कुणी म्हणेल, हे शिक्षक वर्गात सांगतातच की. काही सांगतात, आणि त्यांच्याबद्दल आदर आहे. पण परीक्षेची रचना बघा. दहावी बोर्डाला विज्ञानाच्या दोन प्रश्नपत्रिका असतात, भाग 1 ची आणि भाग 2 ची, प्रत्येकी 40 गुणांची, वेगवेगळ्या दिवशी. उरलेले 20 गुण प्रात्यक्षिकाचे. पहिल्या दिवशीच्या पेपरात साखरेच्या 4 किलोकॅलरीबद्दल विचारलं तर ते ‘भागाबाहेरचं’, दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पाणी तापवायला सांगितलं तर तेही. साखरेचा तो हिशोब ज्या पेपरात विचारता येईल असा पेपरच अस्तित्वात नाही. आपल्याकडे जे विचारलं जात नाही ते शिकवलं जात नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून मूल्यमापनाकडे न बघता केवळ अध्यापन पद्धतीवर बेतलेला ‘एकात्मिक’ प्रयोग मला अर्धा वाटतो. तुम्ही दोन आठवडे सांधा शिकवाल आणि मार्चमधला पेपर तो पुन्हा सोडवून ठेवेल.

पुस्तकावर अन्याय नको, म्हणून एक चांगला सांधाही दाखवते. पहिल्या भागातला भिंगांचा धडा. तिथे मानवी डोळा, निकटदृष्टिता, दूरदृष्टिता हे सगळं भिंगाच्या सूत्राशेजारीच येतं. भिंगाची वक्रता स्नायू बदलतात हे जीवशास्त्र आणि नाभीय अंतर हे भौतिकशास्त्र एकाच पानावर, एकाच आकृतीत बोलतात. वर्गातल्या चष्मेवाल्या मुलांना आपल्या नंबरातल्या ‘वजा’ चिन्हाचा अर्थ तिथे कळतो. हरित ऊर्जेचा धडा दुसऱ्या भागात असला तरी त्यात जनित्राच्या निमित्ताने विद्युत-चुंबकीय प्रवर्तन येतं, तेही ठीक. सांधा जमतो तिथे दोन्ही बाजूंना एकच वस्तू असते, डोळा किंवा जनित्र. ऊर्जा ही वस्तू नाही, ती हिशोबाची कल्पना आहे, आणि कल्पनेचा सांधा जमवायला जास्त कष्ट लागतात, असा माझा अंदाज आहे. या अंदाजावर एखादा प्रबंध होऊ शकतो. घ्या कुणीतरी.

ऊर्जेच्याच कल्पनेत याहून अवघड जागा आहे, आणि तिथे दोन विषय एकमेकांच्या विरुद्ध बोलल्यासारखे वाटतात. एटीपी. जीवशास्त्राच्या धड्यात मूल शिकतं की एटीपी हे पेशीचं ऊर्जा चलन, फॉस्फेटच्या बंधांत ऊर्जा साठवलेली असते आणि बंध तोडला की ती मिळते. रसायनशास्त्राचा साधा नियम याच्या बरोबर उलट आहे: बंध तोडायला नेहमी ऊर्जा लागते, बंध तयार होताना ती बाहेर पडते. एटीपीच्या बाबतीत पाण्याशी अभिक्रिया होऊन नवे बंध तयार होतात, उत्पादितं अधिक स्थिर असतात आणि सगळी बेरीज-वजाबाकी करून ऊर्जा बाहेर पडते. ‘बंध तुटला म्हणून ऊर्जा मिळाली’ हे त्या अख्ख्या हिशोबातलं एकच कलम आहे, आणि तेही खर्चाच्या बाजूचं.

हा गैरसमज दहावीत संपत नाही. विल्यम गॅली यांनी 2004 मध्ये ‘जर्नल ऑफ केमिकल एज्युकेशन’मध्ये विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांमध्ये तो किती चिवट आहे हे दाखवलं. मेलनी कूपर आणि मायकेल क्लिम्कोव्स्की या रसायन आणि जीवशास्त्राच्या जोडीने 2013 मध्ये रासायनिक ऊर्जेच्या शिकवण्यातल्या गोंधळावर निबंध लिहिला. त्यांचा रोख असा, की भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र ऊर्जेबद्दल तीन वेगळ्या बोलींत बोलतात आणि त्या जुळवण्याचं काम विद्यार्थ्याच्या डोक्यावर टाकून मोकळे होतात. तो निबंध मोफत उपलब्ध आहे. साहित्य-आढाव्यात नुसता नावापुरता टाकण्याऐवजी पूर्ण वाचा. मी स्वतः एम.एस्सी. रसायनशास्त्र करून विज्ञानशिक्षणाच्या संशोधनाकडे वळले, त्यामागे या निबंधाचा मोठा वाटा आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. ‘पंधरा वर्षांच्या मुलाला एटीपीच्या बंधांचा ताळेबंद कशाला? आधी प्रत्येक विषयाचा पाया पक्का होऊ दे, जोडणी नंतर.’ कोठारी आयोगाचा कल मला याच कारणाने पूर्णपणे चुकीचा वाटत नाही. शास्त्रशाखांच्या स्वतःच्या शिस्ती असतात. भौतिकशास्त्र एखादी घटना सोपी करून तिचं सूत्र मांडतं, जीवशास्त्र तिचा इतिहास आणि कार्य विचारतं. त्या शिस्ती पुसून ‘सगळं विज्ञान एकच’ असं गोड बोलणं मलाही मान्य नाही. पण आपण पाया पक्का करतो असं तरी कुठे आहे? माध्यमिक शाळेत विज्ञानाच्या बाई बहुधा एकच असतात. त्यांनी बी.एस्सी.ला रसायन-वनस्पती-प्राणी घेतलेलं असतं किंवा भौतिक-रसायन-गणित. पहिल्या गटातल्या बाईंना भिंगाची चिन्हप्रणाली परकी, दुसऱ्यातल्यांना पेशीविभाजन. ली शुल्मन यांनी 1986 मध्ये मांडलेली कल्पना तुम्ही कोर्सवर्कमध्ये वाचली असेल: विषय येणं आणि तो विषय शिकवता येणं यांच्या मधलं एक तिसरं ज्ञान असतं. सांध्यावर ते ज्ञान दोन विषयांचं लागतं. बी.एड.मध्ये त्याची तयारी करून घेतलेली मला दिसत नाही. तेव्हा ‘एकात्मिक’ पुस्तक हाती देऊन आपण जोडण्याचं काम आधी बाईंवर ढकलतो आणि बाई ते मुलावर ढकलतात.

आता ‘परिणामकारकता’कडे येऊ. स्वीडनमध्ये अनिवार्य शिक्षणाच्या टप्प्यात विज्ञान कसं रचायचं हे शाळा ठरवतात. काही शाळा तीन विषय वेगळे शिकवतात, काही एकच विज्ञान, काही मिश्र. म्हणजे संशोधकासाठी आयतीच तुलना. मारिया ओस्त्रम आणि कार्ल-यॉरान कार्लसन यांनी पिसा 2003 च्या स्वीडिश निकालांवर ती केली. लिंग, जन्मदेश, घरची भाषा, आर्थिक-सामाजिक स्थिती हे सगळं श्रेणीबद्ध रेषीय प्रारूपात धरून पाहिलं. निष्कर्ष: कुठल्याही रचनेत विद्यार्थ्यांचे निकाल सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय चांगले दिसले नाहीत.

हा निष्कर्ष ऐकून दोन टोकांना जाता येतं. एक, ‘बघा, एकात्मिकचा काही उपयोग नाही.’ दोन, ‘पिसाची चाचणीच चुकीची.’ मी तो वेगळा वाचते. वेळापत्रकावर ‘विज्ञान’ लिहिलंय की ‘भौतिकशास्त्र’, हे चल इतकं ढोबळ आहे की त्याच्या पोटात चांगले सांधे, तुटके सांधे आणि मुळीच नसलेले सांधे सगळे एकत्र बसतात. त्यांची सरासरी शून्याजवळ आली तर नवल काय? मग आपल्या तालुक्यातल्या दोन तुकड्यांत, चाळीस-चाळीस मुलांवर, संशोधकाने स्वतः उत्साहाने शिकवलेल्या पंधरा तासांनंतर टी-मूल्य लक्षणीय येतं, त्याचं काय? ते बहुतेक वेळा उत्साहाचं मोजमाप असतं. शिवाय उत्तरचाचणी त्या पंधरा तासांवरच बेतलेली असते. दुसऱ्या तुकडीला जे शिकवलंच नाही ते विचारून ती मागे पडली म्हणणं, याला तुलना म्हणायला माझं मन धजत नाही.

आपल्या शेजारी मध्य प्रदेशात याहून वेगळ्या वाटेचा मोठा प्रयोग झालेला आहे. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम: 1972 मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी 16 शाळांत सुरू केला, 1978 मध्ये तो जिल्हाभर गेला, पुढे ‘एकलव्य’ने सांभाळला आणि 2002 मध्ये राज्य सरकारने बंद केला. तो सहावी ते आठवीचा होता, त्यामुळे माध्यमिकला जसाच्या तसा लागू होत नाही. पण त्यात एक गोष्ट त्यांनी धरून ठेवली होती: मुलांनी प्रयोग करायचे आणि परीक्षेतही पुस्तक उघडं ठेवून, प्रयोगासह उत्तरं द्यायची. परीक्षा बदलल्याशिवाय शिकवणं बदलत नाही हे त्यांना 1970 च्या दशकातच उमगलं होतं. आपले आराखडे अजून पूर्वचाचणीच्या पानावरच घुटमळतात.

मग काय करायचं? माझ्या मते विषय लहान करा. ‘एकात्मिक विज्ञान’ सोडा, एक सांधा घ्या. नववीत हवा असेल तर ‘कार्य आणि ऊर्जा’ आणि ‘परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाह’ हे दोन धडे आहेत. एकात ऊर्जा नष्ट होत नाही, दुसऱ्यात तिचा मोठा भाग पुढच्या पोषण पातळीपर्यंत पोचतच नाही. दोन्ही शिकून झालेल्या मुलाला विचारा, ‘मग ती गेली कुठे?’ दहावीत किलोकॅलरीचा सांधा घ्या. शेंगदाण्याचा जुना प्रयोग करा: अर्ध्या ग्रॅमचा दाणा टाचणीवर खोचून पेटवा, वर परीक्षानळीत 50 मिलिलिटर पाणी, त्यात तापमापी. दाण्यात साधारण पावणेतीन किलोकॅलरी धरली तर पाणी पन्नासएक अंशांनी तापायला हवं. प्रत्यक्षात त्याच्या निम्मंही क्वचित तापतं. उरलेली कुठे गेली, हे मुलांना सांगू नका, विचारा. खर्च दहा रुपयांचा नाही. डोळ्यांना चष्मा आणि हाताशी पाण्याची बादली ठेवा, आणि मुख्याध्यापकांची परवानगी लेखी घ्या. जून-जुलैत जा. जानेवारीत सराव परीक्षांच्या धामधुमीत कुणी तुम्हाला वर्गात पाऊल ठेवू देणार नाही.

नमुना मोठा नको. बारा मुलं पुरेत, पण प्रत्येकाशी वीस मिनिटं बोला, आधी आणि नंतर. बाईंशीही बोला, त्यांनी बी.एस्सी.ला काय घेतलं होतं ते नोंदवा. आणि मुलाचं उत्तर पुस्तकी भाषेत दुरुस्त करून लिहू नका. ते ‘साखर पोटात हळू जळते’ म्हणालं तर तसंच लिहा, ‘साखरेतली ऊर्जा वेगळी, गॅसची वेगळी’ म्हणालं तर तेही तसंच. यातलं पहिलं वाक्य बरोबरच्या किती जवळ आहे आणि दुसरं कुठल्या धड्यातून आलं, हे उलगडण्यातच तुमचं प्रकरण चार आहे.